आमच्या नाटकातला प्रधान

नाटक म्हटलं की मला अजूनही आधी दमल्यासारखं होतं. खोटं कशाला बोलू? कुणी कुणी भेटायला येतात, म्हणतात, "तुमच्या वडिलांनी म्हणे लोणावळ्याला आपल्या लोकांचं संगीत नाटक बसवलं होतं, वीस वर्षं चाललं म्हणे, सांगा ना काहीतरी." आणि कागद-पेन काढून बसतात. मला मात्र आठवतात ती पेटीच्या भात्यावर आखडलेली बोटं, पार्सल ऑफिसची ड्यूटी संपवून उपाशीपोटी गाठलेली तालीम, आणि "पुन्हा एकदा, पहिल्यापासून" हे बाबांचं वाक्य. पौषात तालमी सुरू व्हायच्या आणि फाल्गुनात प्रयोग. वर्षातून एकच प्रयोग, पण त्यासाठी अडीच महिने जीव जायचा. पेटीवाला मी एकटाच, त्यामुळे आजारी पडायचीसुद्धा सोय नव्हती.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. मावळात हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. तिथं आम्ही शनवार तेली. आमचे वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, तेवढ्यावरून पडलेलं नाव घाट चढून आमच्याबरोबर वर आलं. रेल्वेच्या नोकऱ्यांमुळे लोणावळ्याला आमची बारा-तेरा घरं होती. प्रार्थनेला वेगळी जागा नव्हती. आमच्याच क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत दहा पुरुष जमले की प्रार्थना व्हायची. ती हिब्रूत, पण बाळबोध अक्षरांत उतरवून घेतलेली. म्हणायचो सगळे खणखणीत, मात्र कुणी अर्थ विचारला की एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो.

बाबा लोको शेडमध्ये फिटर होते. नाटकाचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते ताईमुळे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. पन्नासच्या पुढेमागे ती बारा-तेरा वर्षांची असेल. गणपतीत गावात नाटकं व्हायची, ती आम्ही पुढे जागा धरून बघायचो. एकदा असंच नाटक बघून आल्यावर ती जेवताना म्हणाली, "बाबा, आपल्यात कुणी राजाराणी झालेच नाहीत का हो?" बाबांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी ते शेडमधून एक जुनं रजिस्टर घेऊन आले आणि त्याच्या कोऱ्या पाठींवर लिहायला बसले. तीन महिन्यांत नाटक तयार.

गोष्ट आमच्या शास्त्रातलीच. परमुलखातल्या बादशहाच्या घरी आमची एक पोर राणी होऊन जाते, पण आपण कोण ते सांगत नाही. बादशहाचा दुष्ट प्रधान सगळ्या यहुद्यांना मारून टाकायचा हुकूम काढतो. मग राणीचा काका तिला सांगतो, आता गप्प बसून चालायचं नाही; आणि राणी जीव मुठीत धरून बादशहासमोर उभी राहते आणि म्हणते, त्यांच्यातलीच मी एक. या गोष्टीचा आमचा सण होळीच्या सुमारास येतो, म्हणून आम्ही त्याला होळीचा सणच म्हणायचो. काकाचं काम बाबांनी स्वतःकडे ठेवलं. राणी अर्थातच ताई. मुलीनं उभं राहायचं म्हणून म्हाताऱ्या मंडळींनी कुरकुर केली, पण ताईनं पहिलं पद म्हटल्यावर तीच मंडळी डोळे पुसत बसली.

पदं एकोणीस होती. बाबांना सूर कळत होते, पण सुरांची लिपी येत नव्हती. त्यामुळे ते संगीत नाटकवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून लिहायचे. 'चाल : शनिवारच्या प्रार्थनेची.' 'चाल : वलवणच्या बाया जात्यावर म्हणतात ती.' 'चाल : आईच्या पाळण्याची.' शेवटचं पद सगळ्यांनी मिळून म्हणायचं होतं, आणि त्याच्या डोक्यावर त्यांनी नुसतं लिहिलं होतं, 'चाल : नेहमीची.' मी म्हटलं, "अहो बाबा, नेहमीची म्हणजे कुठली ते लिहा की." ते म्हणाले, "कुणाला माहीत नाही? बारा घरांत एक तरी माणूस दाखव." खरंच नव्हता. म्हणून ते तसंच राहिलं.

अडलं ते प्रधानापाशी. आमच्या सणाचा रिवाज असा, की गोष्ट वाचताना त्या दुष्टाचं नाव आलं की पोरांनी पाय आपटायचे, डबे वाजवायचे, त्याचं नाव ऐकूच येऊ द्यायचं नाही. मग ते काम कोण करणार? एकजण म्हणाला, माझी बायको गरोदर आहे. दुसरा म्हणाला, मला प्रमोशन यायचंय. बाराच्या बारा घरांनी कानांवर हात ठेवले. शेवटी बाबांनी आमच्या दूधवाल्याला विचारलं. तो शेजारच्याच वलवण गावचा शेतकरी, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. दोन म्हशी, एक गाय, धरणाखाली थोडं भातखाचर, आणि आवाज असा की वलवणला हाक मारली तर आमच्या क्वार्टरात ऐकू यावी. तो एका शब्दात तयार झाला. "आबा, लय दिसांची हौस हाय," म्हणाला. मिशीसुद्धा त्यानं स्वतःच केली, आपल्या गाईच्या शेपटीच्या केसांची. तिला वास यायचा, पण सांगणार कोण!

पाय आपटण्याचं मात्र त्याला सांगायचं राहून गेलं. आम्हाला ते इतकं सवयीचं, की कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पहिल्या प्रयोगाला, रेल्वेच्या हॉलमध्ये, भाऊ मिशीवर ताव मारत ऐटीत आत आला आणि आमच्या पोरांनी एकदम पाय आपटायला सुरुवात केली. डबे, ताटल्या, बाकं, जे हाताला लागेल ते. भाऊ जागच्या जागी थिजला. दोन पावलं पुढे आला, विंगेत उभ्या बाबांना भर स्टेजवरून म्हणाला, "आबा, काय चुकलं का माजं?" हॉल हसून हसून लोटपोट. बाबांनी कसंबसं समजावलं, की अरे, हा तुझा मान आहे. त्यावर तो म्हणाला, "मान व्हय? मंग आपटा की जोरात!" आणि पुढची सगळी वर्षं तो तो मान वसूल करत राहिला. वलवणची पोरं त्याला रस्त्यात 'प्रधान' म्हणून चिडवायची आणि पाय आपटून पळून जायची.

खरं सांगायचं तर आमचा प्रधान कच्चा होता. बाबांनी त्याला लिहिलं होतं ते एका रेल्वे इन्स्पेक्टरवरून, ज्यानं एकदा त्यांची रजा कापली होती. त्यामुळे तो यहुद्यांना मारायचा हुकूम काढायचा, पण बोलायचा रजेचा अर्ज नाकारल्यासारखं. वलवणची, खंडाळ्याची माणसं मुद्दाम प्रधान बघायला यायची. एका वर्षी इस्राएलहून एक गृहस्थ आले होते, आमच्या लोकांना तिकडे न्यायच्या कामावर. त्यांनी सगळं नाटक तोंडावर हात ठेवून पाहिलं. नंतर दुभाष्यामार्फत बाबांना म्हणाले, "तुमच्या प्रधानाची कुणालाच भीती वाटत नाही. हा माणूस असा नव्हता." बाबा म्हणाले, "असेलही. आम्ही इथं तसा माणूस पाहिलाच नाही, तर लिहू कुठून?" त्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेव्हा त्याचं कारण कळलं नव्हतं; त्यांचं सगळं घर युरोपात छळछावणीत संपलं होतं, हे मागाहून कळलं.

त्या गृहस्थांच्या पाठोपाठ घरं उठून इस्राएलला जायला लागली. आधी एक, मग दोन, मग वर्षाला तीन-तीन. कुणी आम्हाला हाकलत नव्हतं. कुणी वाईट बोललं नव्हतं. पण एकाचा भाऊ गेला, दुसऱ्याची मुलगी गेली, प्रार्थनेला दहा माणसं जमेनात, आणि मग राहिलेल्यांना घर खायला उठलं. ताई लग्न होऊन नवऱ्याबरोबर गेली. राणीचं काम माझ्या बायकोकडे आलं. बादशहा गेला, तेव्हा धरणावरच्या वॉचमनला बादशहा केलं, कारण त्याच्याकडे पितळी बटणांचा कोट आयताच होता. दरवर्षी पात्रं गळायची आणि दरवर्षी भाऊ वलवणहून एखादा नवा माणूस धरून आणायचा. मी त्यांना चाली शिकवायचो. शिकवून शिकवून माझा घसा आणि उत्साह दोन्ही बसले.

मग बायकोच्या माहेरची सगळी गेली, तिची आई तिकडे आजारी पडली. आमची मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची. बायको म्हणाली, "आम्ही दोघी पुढं होतो. तुम्ही बाबांना घेऊन मागून या." बाबा म्हणाले, "यंदाचा प्रयोग झाला की लगेच निघू." मी 'बरं' म्हटलं. त्या एका 'बरं'ची किंमत मी चार वर्षं मोजली.

प्रयोग झाला की बाबांचं काहीतरी निघायचं. पासपोर्ट, दात, गुडघे, उन्हाळा. मग पाऊस, मग दिवाळी, आणि दिवाळीनंतर म्हणायचे, "आता तालमी दीड महिन्यावर आल्या, एवढं करू आणि निघू." त्यांना एकटं टाकून जाणं मला जमत नव्हतं आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. तिकडून बायकोची पत्रं यायची. पहिल्या वर्षी मुलगी तुमची आठवण काढून रडते. दुसऱ्या वर्षी मुलगी शाळेत जाते. तिसऱ्या वर्षी, मुलीला मराठी कळतं, पण बोलत नाही. चौथ्या वर्षी पत्र आलं, "तुमचा एखादा फोटो पाठवा. ती विचारते, माझे बाबा दिसतात कसे." ते पत्र मी पार्सल ऑफिसात वाचलं.

घरी येऊन बाबांना फाडफाड बोललो. आयुष्यात पहिल्यांदाच. म्हटलं, "यंदा नाटक नाही. आपल्यातले उरलोय कोण? तुम्ही आणि मी. राणी नाही, दासी नाही, लोक नाहीत. कुणासाठी करायचं? माझी पोर मला विसरली!" बाबा खाटेवर बसून कागदी मुकुटाला सोनेरी कागद चिकटवत होते. ते म्हणाले, "ताईनं लिहिलंय, नाटकाची वही पाठवा, आम्ही इकडे करू."

"मग पाठवा की! प्रश्न मिटला."

"वही पाठवीन रे. पण तिथं 'नेहमीची' म्हणजे कुठली? कोकणातले, मुंबईचे, कोचीनचे, कुठले कुठले लोक आहेत तिथं. सगळ्यांची नेहमीची वेगळी." मुकुट बाजूला ठेवून ते हळूच म्हणाले, "आणि इथं नाटक बंद पडलं, की आपण इथं होतो हे तरी कुणाला कळणार आहे?"

मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दूध घालायला आला तेव्हा त्याला दारातच सांगून टाकलं, "भाऊ, यंदा नाटक नाही. आम्ही निघालो." तो मापातलं दूध ओतता ओतता थांबला. "असं कसं, मास्तर?" म्हणाला. पेटी वाजवतो म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. मी म्हटलं, "असंच." मनातून मला हलकं वाटत होतं, हेही कबूल करतो. बाबांचं शेवटचं कारण मी काढून घेतलं होतं.

दोन आठवड्यांनी भाऊ दुपारचाच आला. डोक्याला नवा फेटा. बाबांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आबा, नाटक वलवणात करायचं ठरलंय. रविवारी दुपारी, साळंच्या ओट्यावर. तुमी फकस्त येऊन बसायचं."

बाबा म्हणाले, "अरे, पण पात्रं?"

"झाली की समदी. माजी लेक राणी, साळंत जाती ती. वॉचमन बादशा. काका मी."

"आणि वही? पदं?"

"वही कशाला लागती? वीस वरसं ऐकतोय. बायकांस्नी तर माज्यापरीस जास्त पाठ हाईत." मग तो माझ्याकडे वळला आणि डोकं खाजवायला लागला. "एकच अडलंय, मास्तर. प्रधान व्हाया कोन बी तयार न्हाई. म्हनत्यात, पोरं जल्मभर चिडवत्याल. तवा तुमी व्हा."

मी म्हटलं, "मी? आणि पेटी?"

"पेटी ऱ्हाऊ द्या. ढोलकी हाय, टाळ हाईत. तुमच्या लोकांचं शिव्याशाप मी वीस वरसं खाल्लं, आता आमच्या गावाचं तुमी खा." बाबा हसले. चार वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आता नाही कसं म्हणणार!

रविवारी आम्ही टांग्यानं वलवणला गेलो. ओट्याला आंब्याचे डहाळे बांधले होते. भाऊनं आधी नारळ फोडला, त्यांच्या रीतीप्रमाणे. बाबा जरा अवघडले. आमच्यात ते चालत नाही. तेवढ्यात भाऊच्या बायकोनं एक झाकलेलं ताट आणून बाबांपुढं ठेवलं. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर केळी आणि बोरं. आमचा मलिदा. आम्ही प्रत्येक प्रयोगाआधी करायचो तो. "तुमचं बी केलंय, आबा," ती म्हणाली, "मंत्र मातुर तुमीच म्हना." बाबांनी प्रार्थना म्हटली. दहा पुरुष लागतात असं काही ते त्या दिवशी म्हणाले नाहीत.

माझ्या ओठावर भाऊनं ती शेपटीची मिशी चिकटवली. वीस वर्षांनीही वास तोच. मी ओट्यावर पाऊल टाकलं आणि वलवणच्या पोरांनी जे पाय आपटले, जे डबे बडवले, की धुळीनं पुढचं दिसेना. माझं पाठांतर चोख होतं, तरी मी पहिलं वाक्य विसरलो. आमच्या पूर्वजांच्या वैऱ्याच्या नावानं ठाकर-मराठ्यांची पोरं बोंबलत होती आणि पुढच्या रांगेत बसून माझा बाप आपली काठी जमिनीवर आपटत होता. लहान मुलासारखा हसत होता म्हातारा. त्यानं आयुष्यभर हे नाटक विंगेतून पाहिलं होतं, समोर बसून कधीच नाही.

मग शेवटचं पद आलं. ओट्यावरच्यांनी सुरू केलं आणि ओट्याखालच्या बायकांनी उचललं. पेटी नाही, सूर धरायला कुणी नाही. मी मिशी लावून तसाच उभा होतो आणि कान देऊन ऐकत होतो, की आता चुकतील, आता चुकतील. चुकले नाहीत. दोन-तीन ठिकाणी त्यांनी आपल्या जात्यावरचे हेलकावे घातले होते, पण चाल तीच. बाबांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. पद संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही चूक काढतात. ते म्हणाले, "बरोबर आहे. नेहमीचीच आहे."

लोणावळ्याचा एक फोटोवाला, एरवी पर्यटकांचे फोटो काढणारा, त्या दिवशी हौसेनं आला होता. त्यानं माझा त्या मिशीत, डोळे वटारलेला फोटो काढला. परतताना टांग्यात बाबा काठी मांडीवर घेऊन बसले होते. स्टेशनचे दिवे लागलेले दिसायला लागल्यावर म्हणाले, "तिकिटांची चौकशी कर उद्या. आता कारण नाही राहिलं." मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. चार वर्षं अडवलं आणि एका दुपारात सोडून दिलं! टांगेवाला वळून बघायला लागला, म्हणून डोळे पुसले.

वही बाबांनी भाऊला दिली. ताईला एक नक्कल पाठवली, पण रजिस्टर वलवणलाच राहिलं. "मला वाचाया येत न्हाई फारसं," भाऊ म्हणाला, "पर ठेवतो. दुधाच्या भांड्यांपरीस वरच्या फळीवर ठेवतो." बायकोला पाठवायला माझ्याकडे दुसरा चांगला फोटो नव्हता. लाजत लाजत तो मिशीचाच पाठवला. पाठीमागे लिहिलं, 'हा तुझा बाप, आमच्या नाटकातला प्रधान.' बाबा पुढे इथं इस्राएलला येऊन सहा वर्षं जगले. नाटकाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. होळी जवळ आली की नुसतं विचारायचे, "वलवणात तालमी लागल्या असतील, नाही?"

आम्ही विमानातून उतरलो तेव्हा बायको, ताई आणि माझी मुलगी कुंपणापलीकडे उभ्या होत्या. मुलगी आठ वर्षांची झाली होती. उंच, वेण्या कापलेली. ती आईच्या मागे सरकली. बायको तिला पुढे ढकलत होती, "अगं, बाबा!" ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, परक्या माणसाकडे बघतात तसं. मी तिला मराठीत हाक मारली. तिनं मान खाली घातली. तिच्या भाषेतला एक शब्द मला येत नव्हता. मी प्रवासानं आणि त्या चार वर्षांनी इतका थकलो होतो, की वाटलं, इथंच सामानावर बसावं.

मग मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी दोन बोटं नाकाखाली आडवी धरली आणि भाऊ वटारायचा तसे डोळे वटारले.

तिनं वर बघितलं. एकदा माझ्या बोटांकडे, एकदा माझ्या डोळ्यांकडे. आणि आईचा हात सोडून, सगळी ताकद लावून, तिनं पाय आपटला.